हार्वेचा प्रभाव शोधायचा कुठं? जतच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हैसाळ योजनेच्या, म्हणजे कृष्णेतनं पंपानं उचलून आणलेल्या पाण्यानं जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यात काय बदललं यावर तुमची पीएचडी चालू आहे, गाइडनी सांगितलंय की थिअरीच्या प्रकरणात "डेव्हिड हार्वे यांचा संशोधनावरील प्रभाव" असा एक भाग हवाच (हार्वे म्हणजे ब्रिटिश मार्क्सवादी भूगोलतज्ज्ञ), तुम्ही गूगल स्कॉलरवरून सायटेशनचे, म्हणजे इतरांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला त्याचे, आकडे काढलेत, पुस्तकांची यादी केलीत, पाच-सहा व्याख्या उतरवून घेतल्यात आणि आता तुम्हालाच वाटायला लागलंय की हे सगळं एकीकडं आणि माझं जत एकीकडं, सांगड काही बसत नाही. शेवटी विचारलंय की परदेशातल्या शहरांवर लिहिणाऱ्या माणसाचा आमच्या दुष्काळी गावांशी खरंच काही संबंध आहे का, का नुसतं नाव टाकून मोकळं व्हायचं?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आता रिटायर आहे, माहेर खटाव तालुक्यातलं. नुसतं नाव टाकलेले थिसिस मी खूप वाचलेत. दुसऱ्या प्रकरणात हार्वे येतो, चार पानं राहतो, आणि चौथ्या प्रकरणात टेबलं सुरू झाली की जो गायब होतो तो थेट संदर्भसूचीतच भेटतो. म्हणून तुम्हाला सांगड बसत नाही असं वाटतंय ही मला चांगली खूण वाटते. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते "हार्वे मोठा का" हा नाहीये, तो मोठा आहे हे आकड्यांवरून दिसतंच, भूगोलात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेल्या लोकांत तो आहे, १९९५ ला व्होत्रां ल्यूद पुरस्कारही मिळालाय ज्याला लोक भूगोलाचं नोबेल म्हणतात. खरा प्रश्न असा की त्याला वाचल्यावर पुढच्या संशोधकांनी वेगळं काय बघितलं, कुठले कागद मागितले, कुणाच्या दारात जाऊन काय विचारलं. प्रभाव तिथं सापडतो.

आधी एक कबूल करते, यातलं बरंच तुमच्या विभागावर आणि विषयाच्या मांडणीवर आहे. तुमचं काम मुख्यत्वे सॅटेलाइट इमेज घेऊन बागायत किती वाढली, पीकपद्धती कशी बदलली हे दाखवायचं असेल तर हार्वेला अर्धं पान पुरे, ओढूनताणून वाढवू नका. पण पाणी कुणाला आधी मिळालं, कुणाला शेवटी, आणि त्या मधल्या काळात जमीन आणि पैसा कुठून कुठं गेला असं विचारायचं असेल तर मग त्याच्याशिवाय तुम्ही अडाल. तुमच्या प्रश्नावरून मला दुसरं वाटतंय, म्हणून पुढचं सगळं तेच धरून लिहितेय.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हार्वे १९३५ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात जन्मला, आणि केंब्रिजला त्याची पीएचडी शहरावर नव्हतीच. ती होती एकोणिसाव्या शतकातल्या केंटमधल्या शेतीच्या बदलावर, त्यात हॉप्स हे पीक. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती वेलीची फुलं, पक्कं नगदी पीक, भांडवल लागणारं, भावाच्या चढउतारावर नाचणारं, आणि तोडणीच्या हंगामात लंडनच्या गरीब वस्त्यांतून बायका-पोरांसकट कुटुंबंच्या कुटुंबं केंटच्या मळ्यात येऊन राहायची. आता हे वाचताना डोळ्यापुढं काय येतं सांगा? दिवाळी झाली की बीडकडून येणाऱ्या टोळ्या, उसाच्या फडाकडेला पाचटाच्या खोप्या, मुकादमाची उचल. त्यामुळं हा माणूस शहरातला आहे, आपला नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढा. नगदी पिकाच्या मुलखात वाढलेला माणूस आहे तो.

मग तो शहराकडं वळला कसा? १९६९ ला त्याचं एक जाडजूड पुस्तक आलं, भूगोलात शास्त्रीय पद्धतीनं स्पष्टीकरण कसं द्यायचं यावर, सगळं मॉडेल, नियम, गणित. त्याच वर्षी तो अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर ते शहर पेटलं होतं. कॉलेजाच्या बाहेर पडलं की मोडक्या घरांच्या रांगा, आणि हातात असलेली मॉडेलं त्याबद्दल काही बोलायला तयार नाहीत. १९७३ ला सामाजिक न्याय आणि शहर या विषयावरचं त्याचं पुस्तक आलं, त्यात पहिला भाग उदारमतवादी मांडणीचा आणि दुसरा समाजवादी मांडणीचा, शेवटी दोन्हीचा मेळ घालणारा छोटा तिसरा भाग. म्हणजे माणसानं मत बदललं आणि तो बदल लपवला नाही, तसाच छापला. मी दरवर्षी एमएच्या पोरांना हे पुस्तक दाखवायचे ते यासाठीच, की आपलं आधीचं मत चुकलं तर संशोधनात ते पुसायचं नसतं, दाखवायचं असतं. आणि हेही लिहा की ही चळवळ त्याच्या एकट्याची नव्हती, अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठातून 'अँटिपोड' हे नियतकालिक १९६९ लाच सुरू झालं होतं, डेट्रॉइटमध्ये विल्यम बंगी हा भूगोलवाला वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन नकाशे करत होता. हार्वे त्या लाटेतला एक, फक्त त्यानं त्याला अर्थशास्त्राचा पाया दिला.

आता तुमच्या कामाचं. १९७४ ला हार्वे आणि लता चटर्जी यांचा बाल्टिमोरच्या घरबाजारावर एक लेख आला. त्यांनी काय केलं तर शहराचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात घर घ्यायला पैसा कोण देतं ते बघितलं. शहराच्या पोटातल्या गरीब भागात बँका जवळजवळ नाहीतच, रोख व्यवहार किंवा खाजगी कर्ज. गोऱ्या कामगारांच्या जुन्या वस्त्यांत त्यांच्या स्वतःच्या छोट्या बचतसंस्था. कुठं सरकारी हमीचं कर्ज. श्रीमंत भागात मोठ्या बँका. म्हणजे वस्ती गरीब आहे म्हणून कर्ज मिळत नाही एवढंच नाही, कर्ज कुठल्या दारानं येतं यावरून ती वस्ती पुढं काय होणार तेही ठरत जातं. हे वाचून मला काय झालं ते सांगते.

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात मी आणि माझी एक विद्यार्थिनी गेलो होतो, देवळाच्या ओवरीत बसून सातबारे पसरले होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडे ठेवलेले. तिला सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक उतरवायचं होतं. मी तिला म्हटलं इतर अधिकाराचा रकाना पण उतरव. कालव्याच्या अंगाला असलेल्या गटांचे उतारे बघावेत तर त्या रकान्यात सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, द्राक्षबागेचा, ड्रिपचा, एकाखाली एक, जागा पुरत नाही. आणि वरच्या माळाकडचे गट बघावेत तर तो रकाना कोरा, फार तर बहिणींच्या नावाची वारसनोंद. ती खूश झाली, म्हणाली मॅडम, माळावरचे लोक कर्जमुक्त आहेत. तिथंच एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती, ती म्हणाली, "आम्हाला कोण कर्ज देतंय बाई, पाणी न्हाई तर सोसायटी दारात बी उभी करत न्हाई." मग विचारलं की मुलीच्या लग्नाला पैसे कुठून आणले? तर पुतण्या तमिळनाडूत गलाईच्या दुकानात आहे त्याच्याकडनं, आणि डोरलं गहाण ठेवून.

कोरा रकाना म्हणजे कर्ज नाही असं नव्हे, तिथं कर्जाचा सरकारी दरवाजा बंद आहे आणि पैसा दुसऱ्या दारानं, नातेवाईक, सोनं, खानापूर-आटपाडीकडचा गलाई धंदा, या वाटेनं येतोय. पाणी नव्हतं म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली आणि त्यांचा पैसा परत माळावर येतोय, हा पण भूगोलच झाला की. आता सांगा, बाल्टिमोर आणि त्या गावाचं साम्य काय? काहीच नाही. पण "पैसा इथं कुठल्या दारानं येतो" हा प्रश्न मी तिथनं उचलला आणि तो प्रश्न नसता तर तो रकाना मी वाचलाच नसता. तुमच्या थिसिसमध्ये हार्वेचा प्रभाव म्हणून लिहायला यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

पुढचं मोठं पुस्तक १९८२ चं, भांडवलाच्या मर्यादांवरचं. अवघड आहे, मलाही तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. थोडक्यात मुद्दा असा की नफ्याचा पैसा साचत जातो आणि त्याला त्याच जागी, त्याच धंद्यात गुंतवणूक परवडेनाशी होते, मग तो जागा बदलतो किंवा धरण, रस्ते, इमारती अशा लांब मुदतीच्या बांधकामात जाऊन बसतो. याला तो स्पेशिअल फिक्स म्हणतो. त्या इंग्रजी शब्दात दोन अर्थ एकत्र आहेत, एक रोवून बसणं आणि दुसरा तात्पुरती दुरुस्ती, मराठीत एका शब्दात दोन्ही येत नाहीत म्हणून मी शिकवताना सरळ सांगायचे की पैसा जमिनीत रुततो आणि त्यामुळं थोडे दिवस सुटका होते, पण पुढं तोच रुतलेला पैसा अडचण होतो, मग ते मोडून दुसरीकडं जायची वेळ येते.

हे मला पुस्तकातनं नाही कळलं, घरातनं कळलं. माझे वडील लालबागला गिरणीत होते. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातनं घराघरातला एक माणूस तिकडं असायचा, एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर माळाची शेती टिकायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. वडील गावी आले, म्हणाले महिन्याभरात मिटेल. त्यांच्यासारखे हजारो जण गावी परतले, सुगीची कामं करत, घरची ज्वारी खात तग धरून राहिले. म्हणजे मुंबईतला संप इतका लांबला तो काही प्रमाणात खटाव-माणच्या कोरडवाहू शेतीच्या जिवावर. मिटलं कधीच नाही. पुढं मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट उघडली, २००१ च्या दुरुस्तीनं महापालिका आणि म्हाडाला द्यायचा हिस्सा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, २००६ ला सुप्रीम कोर्टात ती दुरुस्ती टिकली, आणि जिथं माग चालायचे तिथं मॉल आणि टॉवर उभे राहिले. हार्वे ज्याला म्हणतो पैसा कारखान्यातनं निघून जागेच्या भाड्यात आणि बांधकामात शिरला, ते हेच. पुस्तक आणि संप एकाच वर्षीचे आहेत हा योगायोग, पण मी ते पुस्तक वाचताना वडिलांची ती ट्रंक डोळ्यापुढनं हलली नाही जी ते मुंबईहून घेऊन आले आणि परत कधी नेली नाही.

आता हा स्पेशिअल फिक्स म्हैसाळला लावायचा का? इथं सावध राहा. खूप जण लावतात, की बघा एवढं सिमेंट ओतलं, म्हणजे जास्तीच्या भांडवलाला जागा मिळाली. मला हे पटत नाही, निदान सरळ तसं नाही. कृष्णेच्या पाण्यात घाई कशाची होती? कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता, म्हणून त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवून दाखवायचं ही राज्याची धावपळ होती. त्यासाठी १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं आणि सरकारच्या हमीवर बाजारात रोखे विकून पैसा उभा केला. म्हणजे कारण राजकीय, दोन राज्यांच्या भांडणातलं. पण पैसा उभा करायची पद्धत बघा, उद्याच्या पाण्यावर आज पैसा घेतला, आणि व्याज मात्र पाणी यायच्या आधीच सुरू झालं. कामं सगळीकडं एकदम काढली आणि वर्षानुवर्षं अर्धी राहिली. हार्वेचं पुस्तक नेमकं या ठिकाणी कामाला येतं, उद्याच्या उत्पन्नावर आज हक्क सांगणारा पैसा जेव्हा कालव्यात रुततो तेव्हा कुणावर काय सक्ती येते हे त्यात फार बारकाईनं आहे. तर लिहिताना कारण वेगळं आणि पैशाची वाट वेगळी असं तोडून लिहा, दोन्हीला एकच लेबल लावू नका.

पाणीपट्टीचंही तेच बघा. उपसा योजना म्हणजे विजेवर चालणारी नदी, पंप बंद तर कालवा कोरडा. वीजबिलाचा ८१ टक्के वाटा सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं उचलायचा असं ठरलं, तरी तो १९ टक्का वसूल कसा करायचा? सोपी वाट म्हणजे साखर कारखान्यानं ऊसबिलातनं परस्पर कापून घ्यायचा. आता विचार करा, ज्याच्या बिलातनं कापता येतं ते पीक वसुलीला सोयीचं, आणि ज्वारी-बाजरी, मटकीवाल्याकडनं कापायचं कशातनं? कमी पाण्यात जास्त रान भिजवायला म्हणून आलेलं पाणी उसाकडं झुकतं त्यात शेतकऱ्याच्या हावेइतकाच हा वसुलीचा रस्ताही कारण आहे असं माझं मत आहे. तुम्ही तुमच्या गावात तपासून बघा, खोटं निघालं तर तसं लिहा.

आता ज्या शब्दासाठी बहुतेक लोक हार्वेकडं येतात तो, अॅक्युम्युलेशन बाय डिस्पझेशन, हिसकावून केलेला संचय म्हणू. २००३ च्या साम्राज्यवादावरच्या पुस्तकात त्यानं तो मांडला. मार्क्सनं सांगितलं होतं की भांडवलशाहीच्या सुरुवातीला शेतकऱ्याची जमीन, गावाची सामाईक रानं हिसकावून घेतली गेली, हार्वे म्हणाला ते सुरुवातीपुरतं नव्हतं, आजही चालू आहे, खाजगीकरणातनं, कर्जातनं, जमीन संपादनातनं. आपल्याकडं २००५ ला सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला आणि जागोजागी जमिनीची भांडणं पेटली, तेव्हा हा शब्द भारतात वणव्यासारखा पसरला. मुंबईच्या भूगोलतज्ज्ञ स्वप्ना बॅनर्जी-गुहा यांनी २०१० ला याच नावानं एक ग्रंथ संपादित केला, भारतातल्या प्रभावासाठी तो बघाच.

पण पसरला तसा पातळही झाला. जिथं जमीन गेली तिथं हा शिक्का. मायकेल लेव्हिन या संशोधकानं जयपूरजवळच्या सेझने जमीन घेतलेल्या एका गावात राहून अभ्यास केला आणि हार्वेवरच टीका केली, की भांडवल जास्त साचलं म्हणून जमीन हिसकावली गेली असं म्हणून भागत नाही, हिसकावतंय कोण तर सरकार, स्वतःची सक्तीची ताकद वापरून, कंपनीसाठी जमिनीचा दलाल बनून, आणि हे कशासाठी ते काळानुसार बदलतं. मला हे फार उपयोगी वाटलं कोयनेमुळं. कोयना धरणात पाटण-जावळीकडची गावं गेली ती १९५०-६० च्या दशकांत, तेव्हा आपल्याकडं पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ ला आला. माणसं कुठं कुठं विखुरली, आणि त्यांची आंदोलनं अजून चालू आहेत. ते हिसकावणं होतं का? होतं. पण ते सरकारी धरण होतं, विजेसाठी, देश उभा करायच्या नावाखाली, आणि सेझला एखाद्या कंपनीसाठी घेतलेली जमीन हे वेगळं. दोन्हीला एकच शब्द लावला की कोयनेच्या माणसाला तुम्ही काहीच नवीन सांगत नाही. त्यापेक्षा हे विचारा की त्या धरणाचं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं ते परत कृष्णेत येत नाही, वीज राज्यभर गेली, राहिलेलं पाणी खाली टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा योजनांना आलं, त्यातनं ऊस आणि द्राक्षं झाली, मग ज्यांची रानं बुडाली त्यांच्या वाट्याला त्या सगळ्या फायद्यातलं काय आलं. तुमच्या जतच्या पाण्याचं एक टोक असं पाटणच्या बुडालेल्या गावात आहे. हे जोडून बघायची सवय, ती हार्वेची.

विद्यार्थ्यांतनं प्रभाव कसा गेला तेही एक पान लिहा, कारण माझ्या मते तो पुस्तकांपेक्षा मोठा आहे. नील स्मिथ त्याचा विद्यार्थी, त्याचं असमान विकासावरचं पुस्तक १९८४ चं, त्याचं म्हणणं विकास आणि मागासपणा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, एकीकडं विकास होतो म्हणून दुसरीकडं मागास राहतं. तुम्ही जतला "मागास तालुका" लिहिलंय ना, तिथं थांबून विचार करा, कशाच्या तुलनेत आणि कशामुळं. दुसरा एरिक स्विंगेडाऊ, मूळ बेल्जियमचा, हार्वेकडंच पीएचडी केलेला. यानं इक्वेडोर देशातल्या ग्वायाकिल शहरातल्या पाण्यावर काम केलं, २००४ ला पुस्तक आलं. तिथं नळ असलेल्याला पाणी स्वस्त आणि नळ नसलेला गरीब टँकरवाल्याकडनं कितीतरी पट महाग घेतो, आणि हे का, तर ते शहर ज्या निर्यातीच्या पैशावर वाढलं त्या इतिहासात त्याचं उत्तर आहे. पाणी हे निम्मं निसर्ग आणि निम्मं समाजकारण, वेगळं काढताच येत नाही, असं तो म्हणतो. ताई, तुम्हाला एकच परदेशी पुस्तक वाचायला वेळ असेल तर हार्वेचं सोडून हे वाचा, असं मी बिनधास्त सांगते. उन्हाळ्यात पूर्व जतमध्ये टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्यात, तुम्हाला ते पुस्तक परकं वाटणार नाही.

इथवर आलो तर धागा एवढाच, की शब्द घेऊ नका, बघायची पद्धत घ्या: पैसा कुठनं येतो, कशात रुततो, कुणाचं जातं, आणि हे सगळं दुसऱ्या कुठल्या जागेशी जोडलंय.

आता त्याला काय दिसत नाही तेही लिहायलाच पाहिजे, नाहीतर तो भाग आरतीसारखा होतो. डोरीन मॅसी या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ बाईंनी १९९१ ला त्याच्या आधुनिकोत्तर काळावरच्या पुस्तकावर कडक टीका केली, की यात बायका दिसतच नाहीत, सगळं वर्गाच्या एका खुंटीला बांधलंय. बरोबरच होतं ते. आपल्याकडं पाणी रात्री सोडलं तर दार धरायला कोण जातं, बाई एकटी शेती करत असेल तर तिच्या पाळीचं काय होतं, हे हार्वेत शोधू नका. आणि जात. गावात पाटाचं पाणी पोचायच्या आधीच कुणाची रानं कुठं आहेत हे जातीनं ठरलेलं असतं, नदीकाठची काळी रानं कुणाची आणि खडकाळ माळ कुणाचा हे तुम्ही नकाशावर आडनावं टाकलीत की पाच मिनिटांत दिसेल. यासाठी आपल्याला बाहेर जायची गरज नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, त्यांनी १८८३ लाच शेतकरी कर्जात, कोर्टात आणि कचेरीत कसा नागवला जातो हे मांडलं, मार्क्स वारला ते वर्ष ते.

आणि एक मला मनापासून वाटतं ते सांगते. आपल्या मातीतलं काम हार्वेच्या खाली तळटीप म्हणून टाकू नका. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, नदीची वाळू विकून पैसा उभा केला, आणि ठरवलं की पाणी जमिनीच्या मापानं नाही, प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही. मुक्ती संघर्ष चळवळ, भारत पाटणकर, कासेगावला येऊन इथलीच झालेल्या गेल ऑम्व्हेट, या लोकांनी समन्यायी पाणीवाटप हा शब्द आणला आणि पुढं आटपाडीत टेंभूच्या पाण्यासाठी तो लावून धरला. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडायचा, ही कल्पना हार्वेच्या शहरावरच्या हक्काच्या (शहर कसं घडावं हे तिथल्या माणसांनी ठरवायचं) मांडणीशेजारी ठेवा, आणि माझं मत विचाराल तर ही जास्त पुढं गेलेली आहे, कारण ती माणशी किती पाणी इथपर्यंत येते. तुमच्या प्रकरणात ही दोन्ही एका पातळीवर आली तर ते प्रकरण तुमचं होईल. तुमच्याच तालुक्यात २०२२ च्या शेवटी सीमेवरच्या गावांनी पाणी द्या नाहीतर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या म्हटलं होतं, तीसुद्धा त्याच हक्काची भाषा होती.

वाचायचं कसं हे तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते कारण सगळे तिथंच अडतात. इंग्रजी जड जात असेल तर त्याची मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथावरची व्याख्यानं २००८ पासून इंटरनेटवर फुकट आहेत, सावकाश बोलतो, ऐकत जा आणि वहीत मराठीत लिहा, इंग्रजीत उतरवून घेऊ नका. मग १९७३ च्या पुस्तकाचे पहिले दोन भाग, मग १९७४ चा तो लेख, मग २००३ मधलं ते एकच प्रकरण आणि त्याच्या जोडीला लेव्हिन. १९८२ चं पहिल्यांदा नको. आणि लिहून झालं की एक करून बघा, तुमच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणातनं हार्वेचं नाव खोडा आणि बघा टेबलातला एखादा रकाना कमी होतोय का. होत असेल तर प्रभाव आहे. काहीच बदलत नसेल तर दुसऱ्या प्रकरणातली ती चार पानं काढून टाकली तरी चालेल, आणि गाइडना हे समजावून सांगता येतं, मी गाइड होते म्हणून सांगते, असं कारण देऊन आलेल्या विद्यार्थ्याला कुणी नाही म्हणत नाही.

लगेच करायचं म्हणाल तर तुमच्या गावांपैकी दोन निवडा, एक कालव्याचं पाणी आधी पोचलेलं आणि एक अजून वाट बघणारं. तलाठी कार्यालयातनं दोन्हीचे १९९५ पासूनचे फेरफार मागा, जुने हस्तलिखित असतील, वेळ लागेल, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कालव्याची आखणी जाहीर झाली ते वर्ष, खोदाई सुरू झाली ते वर्ष आणि पहिलं आवर्तन आलं ते वर्ष, ही तीन वर्षं पाटकऱ्याला आणि गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना विचारून नक्की करा. मग फेरफारातली खरेदीखतं आणि वारसनोंदी वेगळ्या काढा, आणि घेणाऱ्याचं राहतं गाव कुठलं ते वेगळ्या रकान्यात लिहा, कारण पाणी यायच्या आधी जमीन कुणी घेतली हे तिथंच कळतं. इतर अधिकार सोडू नका. अडलं तर इथंच विचारा, मी रोज संध्याकाळी बघते.